सोबतीचं अनुदान

माझं काम नेमकं काय आहे, हे नागपूरच्या बेसातल्या आमच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचं, मी कुठल्यातरी दवाखान्यात केसपेपर काढून देते. मी तो समज कधी मोडला नाही. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी परतायची. जिन्यात कुणी विचारलं, "काय, आज गर्दी होती का?" तर म्हणायची, "होती थोडी."

दवाखान्याचं तेवढं खरं होतं. एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला, औषधांच्या गोदामापलीकडे दोन खोल्या होत्या. ज्या बायकांवर जबरदस्ती झाली आहे त्यांना पहिले काही दिवस आधार मिळावा म्हणून एक लहानशी संस्था सरकारच्या अनुदानावर तिथे केंद्र चालवायची. मी तिथली समुपदेशक. हुद्दा मोठा वाटतो, पण काम सोबतीचं. पोलीस ठाण्यात सोबत जायचं, तपासणी चालू असताना पडद्याच्या अलीकडे उभं राहायचं, कोर्टाच्या तारखेला बाकावर शेजारी बसायचं. तपासणीनंतर अंगावरचे कपडे पोलीस पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग ती बाई बाहेर पडणार काय घालून? त्यासाठी केंद्रात एक कपाट होतं. त्यात निरनिराळ्या मापांचे सलवार-कुडते, साड्या, परकर, आतले कपडे, रबरी चपला. अनुदान म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं असतं तर मी ते कपाट उघडून दाखवलं असतं.

पण कुणी विचारत नव्हतं आणि मला सांगताही येत नव्हतं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. आई होती तोवर घरात निदान भांड्यांचा आवाज असायचा. आम्ही मूळचे उमरेडचे. वडील हातमागावर साड्या विणायचे. त्यांच्या माघारी माग विकला आणि मी आईला घेऊन नागपूरला आले. लग्न राहून गेलं. आईला माझं काम माहीत होतं, पण ती विचारायची नाही. मी घरी आल्यावर माझ्या तोंडाकडे एकदा बघायची आणि पोळी तव्यावर टाकायची. ती गेल्यावर कित्येक संध्याकाळी मी कुलूप उघडून आत आले की आधी टीव्ही लावायची. बघायची नाही, नुसता चालू ठेवायची. माणसांच्या बोलण्याची सवय असते कानाला.

दिवसाचं माणूस म्हणजे केंद्रातल्या मावशी. साफसफाई, चहा, आलेल्या बाईला अंघोळीचं पाणी, झोपायला गादी, सगळं त्या बघायच्या. साठीला टेकलेल्या, विधवा, बोलायला थोड्या फटकळ. दुपारी आम्ही दोघी गोदामाच्या सावलीत डबा उघडायचो. मावशींशी काही बोलावं लागत नसे. जे मी ऐकलेलं असायचं ते त्यांनीही पाहिलेलं असायचं. त्या माझ्या डब्यात लोणचं टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा वं बाई. उपाशी राहून कोनाचं भलं होत नाई." आता वाटतं, त्या काळात मला एवढीच काय ती सोबत होती, आणि तीही अनुदानातूनच आलेली.

ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नाव मी सांगणार नाही. मी तिला ताई म्हणायची आणि तीही मला ताईच म्हणायची. चाळिशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत. शहराबाहेरच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. हिवाळ्यातली दुपार होती. एक महिला पोलीस तिला घेऊन आली, तेव्हा तिच्या हातांना अजून कांद्याचा वास होता. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, "पोरी जेवल्या असतीन काय वं? भात झाकून आली मी, पन वरनाले फोडनी देल्ली नाई."

मेसला किराणा पुरवणाऱ्या माणसाने कोठीच्या खोलीत तिच्यावर जबरदस्ती केली होती. तो कितीतरी वर्षं मेसमध्ये येत होता, ती त्याला भाऊ म्हणायची. तो गेल्यावर तिने गॅस बंद केला, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कुणालाही न सांगता ठाण्यापर्यंत चालत गेली. एवढंच मला कळलं आणि याहून जास्त मी कधी विचारलं नाही. तेच ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही, पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं तेवढं पुरे, असं आम्ही पाळायचो.

तपासणी झाल्यावर मी कपाट उघडलं. तिने निळी साडी उचलली, हातात धरून बघितली, परत ठेवली आणि एक जुना करड्या रंगाचा सलवार-कुडता घेतला. "साडी नको," म्हणाली. पुढे मी तिला साडीत पाहिलं ते खूप दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. आधी मागावर बसायचा, आता एका गोदामावर चौकीदार होता. तो दारातच उभा राहिला. मी आत या म्हटलं तरी चप्पल काढेना.

"पेपरात येईन काय हे?" त्याने विचारलं.

"त्यांचं नाव कुठेच येत नाही. कायद्याने छापता येत नाही."

"गावात बिना पेपरचंच येते," तो म्हणाला. मग आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. ताई आतून बाहेर आली नाही. तो गेला. काही दिवसांनी कळलं, खोली सोडून तो गावाकडे भावाजवळ राहायला गेला. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही, काहीच केलं नाही. ताई म्हणाली, "भांडला असता तं बरं झालं असतं. भांडनाऱ्या मानसाशी बोलता तरी येते."

तिची एकुलती एक मुलगी वर्ध्याकडे दिलेली. तिला आणि तिच्या सासरच्यांना काही कळू द्यायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. मुलीचा फोन रोज दिवेलागणीला यायचा. केंद्राच्या कॉटवर बसून ताई बोलायची, "हो वं, मेसमधीच हाय. पोरी जेवून राहिल्या. आवाज? काई नाई, फोडनीचा ठसका लागला." फोन ठेवला की हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "माह्या पोरीशी मी जल्मात खोटं बोलली नव्हती. आता रोज एक बोलते."

ती चार-सहा दिवस केंद्रात राहिली. रिकामं बसवेना म्हणून मावशींना बाजूला सारून शेगडीचा ताबा घेतला. एके दुपारी तिने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, एवढा झणझणीत की मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मेसच्या पोरी हे खात होत्या काय बाप्पा?" मावशींनी विचारलं. त्यावर ती हसली. केंद्रात आल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही तिघी जमिनीवर बसून जेवलो. केंद्राच्या दोन खोल्यांत मी पाहिलेल्या चांगल्या दुपारी फार नाहीत, त्यातली ती एक.

मग तिने सक्करदऱ्याकडे एक खोली भाड्याने घेतली. डबे पोचवणाऱ्या एका बाईकडे पोळ्या लाटायचं काम मिळालं. मेसमध्ये तिला परत बोलावलं नाही, कारणही कुणी सांगितलं नाही. पण केस चालू होती. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आमच्या वकीलबाई तिला प्रत्येक तारखेचा अर्थ समजावून सांगायच्या. केंद्राची गाडी तिला खोलीवरून घेऊन जायची, परत सोडायची. आरोपीची माणसं कोर्टाच्या त्याच फाटकातून आत जायची, म्हणून गाडी महत्त्वाची. ताई गाडीत माझ्या शेजारी बसायची. बाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचायची.

अनुदान थांबलं ते एका दिवसात नाही. आधी उशिरा आलं, मग अर्धं आलं, मग येईल म्हणून कळलं, मग तेही कळेनासं झालं. पहिल्यांदा गाडीवाला गेला. त्याचा काही दोष नव्हता, त्याच्या गाडीचा हप्ता कुणी थांबवणार नव्हतं. मग वकीलबाई येईनाशा झाल्या. फोनवर सल्ला द्यायच्या, पण त्यांच्या आवाजात अवघडलेपण यायला लागलं, तेव्हा मीच फोन कमी केला. कपाटातले कपडे संपत आले. एकदा एक कॉलेजची मुलगी आली, तिच्या मापाचं काही नव्हतं, तर मी दुसऱ्या दिवशी घरून माझा एक कुडता आणला. तिला तो फार ढगळ झाला. तिने बाह्या दुमडल्या आणि "चालेल मॅडम" म्हणाली.

संस्थेच्या लोकांनी खूप पाठपुरावा केला. शेवटी मीही एकदा सिव्हिल लाइन्समधल्या, अनुदान देणाऱ्या कार्यालयात गेले. ज्या साहेबांकडे आमची फाइल होती ते वाईट नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला.

"प्रस्ताव वर गेला आहे मॅडम," ते म्हणाले.

"वर म्हणजे कुठे?"

"वर." त्यांनी बोट वर केलं. मला छतावरचा पंखा दिसला. मग त्यांनी विचारलं, "महिन्याला किती बायका येतात तुमच्याकडे?"

मी सांगितलं.

"म्हणजे तशा फार नाहीत."

"साहेब, एकही येत नाही त्या दिवशीही दार उघडं ठेवावं लागतं. येणारी कधी येईल ते सांगून येत नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "तुमचं मले पटते," ते म्हणाले. साहेबी मराठी सोडून ते एकदम घरच्या बोलीत आले, म्हणून मला ते खरं वाटलं. "पन हे मी कागदावर कुठी दाखवू? बसून राहिलेल्या मानसाचा पगार मागाले गेलो का वरचे विचारतात, बसून काहून राहिली?"

मी उठले. जिना उतरताना वाटलं, आपण अजून काही बोलायला हवं होतं. पण काय, ते आजही सुचलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी केंद्राला कुलूप लागलं. दारावर एक कागद चिकटवला : केंद्र तात्पुरते बंद आहे, गरजूंनी पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. मावशींनी शेवटच्या दिवशीही फरशी पुसली. मी म्हटलं, "आता कशाला मावशी?" त्या म्हणाल्या, "घान घर सोडून जात नसतात." त्यांच्या भाचीने त्यांना जरीपटक्यात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काम लावून दिलं. गिऱ्हाइकांना पाणी द्यायचं, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. जाताना म्हणाल्या, "येत जा तिकडं." मी दोनदा गेले. दुकानात इतकी गर्दी होती की त्यांना माझ्याशी धड बोलता येईना. पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, "बरी हायेस ना वं?" म्हणाल्या आणि मालकाने हाक मारली म्हणून गेल्या. तिसऱ्यांदा मी गेले नाही. त्यांना उगाच बोलणी बसायची.

मला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं, रिपोर्ट वाटायच्या काउंटरवर. खालच्या काकूंचा समज असा खरा झाला. आता गर्दी होती का विचारलं तर मला सगळं सांगता आलं असतं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी कुलर लावून दुपारी पडून राहायची, संध्याकाळपर्यंत एक शब्दही तोंडातून निघायचा नाही. दूधवाल्याशी बोलताना स्वतःचा आवाज घोगरा वाटायचा. नियम अजून लागू होता. केंद्र बंद पडलं म्हणून माझ्या आत साठलेलं थोडंच कुणाला सांगता येणार होतं? आधी निदान ते मावशींच्या डब्याशेजारी ठेवता यायचं.

अशात ताईचा फोन आला.

"ताई, साक्षीची तारीख लागली. केंद्रात फोन लावला तं लागून नाई राहिला."

"केंद्र बंद झालं ताई."

पलीकडे पोळपाटाचा आवाज येत होता, तो थांबला. "मंग आता?"

"मी येते ना."

"तुमाले आता याचा पगार कुठी हाय?"

"नाही. पण येते."

"मंग काहून येता?"

मी म्हटलं, "तुम्ही सकाळी तयार राहा. मी रिक्षा घेऊन येते."

लॅबमध्ये डोकं दुखतं म्हणून सुट्टी सांगितली आणि गेले. ताईने त्या दिवशी साडी नेसली होती. नवी नव्हती, पण इस्त्री केलेली. केस घट्ट बांधलेले. रिक्षात तिने माझा हात धरला नाही किंवा काही नाही, नेहमीसारखी बाहेर बघत राहिली. फाटकाशी आरोपीचे दोन नातेवाईक उभे होते. आम्ही त्यांच्यासमोरून आत गेलो. त्यातला एक खाकरला. ताईची चाल बदलली नाही.

अशी साक्ष बंद दालनात होते. बाकीच्या लोकांना बाहेर काढलं. मी ताईच्या मागे उभी होते, तशी पूर्वीच्या तारखांना असायची. आरोपीच्या वकिलांनी लगेच विचारलं, "ह्या बाई कोण?"

"मी केंद्राची समुपदेशक," मी सवयीने म्हणाले.

"केंद्र बंद झालं आहे ना? मग आज कोणत्या नात्याने?"

ते चूक बोलत नव्हते. माझ्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, मागे संस्था नव्हती. मी त्या बाईची बहीण नव्हते, शेजारीण नव्हते. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग ताईला विचारलं, "तुम्हाला ह्या इथे थांबायला हव्या आहेत का? तुम्ही सांगाल तसं होईल."

मी ताईकडे बघितलं. ती होच म्हणणार, याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. मी तर कुठे बसायचं ते बघून ठेवलं होतं.

ताई खाली बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "नाई. त्याइले बाहेर बसू द्या."

मी बाहेर आले. माझ्यामागे दार लागलं.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ जमिनीच्या वादासाठी आले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमची काय केस?" मी म्हटलं, "माझी नाही." "मंग कोनाची?" मी पिशवीतली पाण्याची बाटली सरळ केली. ते आपल्या मुलाशी बोलायला लागले. पोरसवदा वकील, पट्टेवाले, झेरॉक्सचे गठ्ठे घेतलेले कारकून माझ्या समोरून जात-येत होते. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मला राग आला होता का? थोडा आला होता, खरं सांगायचं तर. पण त्याहून जास्त, शाळेत सगळ्या पोरी खेळायला जातात आणि आपल्याला कुणी घेत नाही, तसं काहीतरी वाटत होतं. माझ्या वयाला शोभणारं नव्हतं ते. इतकी वर्षं मी बायकांच्या शेजारी बसले होते आणि माझी गरज आहे हे धरून चालले होते. आता सरकारला नको होते, आणि तिलाही नको होते.

खूप वेळाने ती बाहेर आली. पाणी मागितलं. बाटलीतलं सगळं पाणी ती उभ्याने प्यायली.

"झालं," म्हणाली. "लय उलटंसुलटं विचारलं त्यानं. मी सांगितलं सारं."

आम्ही कोर्टाबाहेरच्या टपरीवर बसलो. तिने तर्रीपोहे मागवले आणि माझी बशी माझ्यापुढे सरकवली. मी चमचा हातात घेतला नाही तेव्हा म्हणाली, "तुमाले वाईट वाटलं."

"नाही हो."

"वाटलं. मले दिसते." ती पोह्यांवरचा रस्सा चमच्याने ढवळत राहिली. "ताई, पोलिसाईले मी सांगितलं, डॉक्टरले सांगितलं, आज जज बाईले सांगितलं. ज्याइनं ज्याइनं ते ऐकलं ना, त्याइच्या तोंडाकडं पाह्यलं का मले तेच दिसते. तुमी कधी खोदून विचारलं नाई. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं का मले ते दिसत नाई. पाटोडी दिसते, मावशी दिसते. आज तुमी आत बसल्या असत्या तं मंग मी कोनाकडं पाहू?"

मी पोहे खाल्ले. फार तिखट होते, त्यामुळे डोळे पुसायला कारण मिळालं.

निकालाच्या दिवशी ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "माहं सांगून झालं. आता त्याइनं ठरवावं. तुमी ऐकून या." तेव्हा मी एकटी गेले. त्या दिवशी मला कुणी नातं विचारलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. आरोपीला दोषी धरलं, शिक्षा सुनावली. त्याची बायको दाराजवळ उभी होती, ती मटकन खाली बसली. तिच्याजवळही कुणी नव्हतं. क्षणभर मी तिच्याकडे जाणार होते, सवयच तशी. पण मी गेले नाही. खाली अंगणात येऊन ताईला फोन लावला.

"शिक्षा झाली ताई. तुमचं सगळं खरं धरलं."

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा, "बरं." मागे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. "ताई, पोरगी-जावई आले हायेत. जेवाले वाढून राहिली. ठेवते."

आरोपीने वरच्या कोर्टात अपील केलं आहे, ते अजून चालू आहे. माझ्या हाती राहिलं ते एवढंच. ज्या निकालासाठी आम्ही दोघी इतक्या तारखा बसलो, तो मी एकटीनेच ऐकला आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मी सीताबर्डीपर्यंत चालत गेले. एका दुकानात पाव किलो पेढे घेतले आणि लॅबमध्ये वाटले. "कशाचे हो?" म्हणून विचारलं तर म्हटलं, "भाचीला नोकरी लागली." मला भाची नाही.

पुढच्या हिवाळ्यात सक्करदऱ्याच्या आठवडी बाजारात ताई दिसली. सोबत तिची मुलगी होती, कडेवर बाळ. मी ओळख न देता पुढे जाणार होते. आमच्या कामात ते शिकावं लागतं. रस्त्यात भेटलेल्या बाईला आपणहून हाक मारायची नाही. तिने आपल्याला ओळखलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही. पण ताईनेच हाक मारली.

"ओ ताई!" आणि मुलीकडे वळून म्हणाली, "ह्या ताई मेसमधी येत होत्या. पोरीईच्या जेवनाची तपासनी कराले."

मुलीने बाळाला सावरत नमस्कार केला. "आई चांगलं करत होती ना स्वयंपाक?"

"फार छान," मी म्हटलं. "मी तक्रार कधी लिहिलीच नाही."

ताई हसली. आम्ही कोथिंबिरीच्या भावावर बोललो, बाळाला दात आलेत का त्यावर बोललो. निघताना तिने पिशवीतून दोन वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. "भरीत करा," म्हणाली. ती गर्दीत मिसळली तेव्हा मी बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. ती बरी होती. तिच्या बरं होण्यात माझं असणं कुठेतरी लपवावं लागत होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. हे मला तेव्हाही समजत होतं. समजलं म्हणून घरी जाऊन भरीत एकटीने खाताना घास सोपा झाला, असं मात्र नाही.

केंद्र पुन्हा सुरू झालं आहे. दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या संस्थेकडे. भिंतींना नवा रंग, बाहेर मोठी पाटी. तिथे समुपदेशक म्हणून एक तरुण मुलगी आहे. माझं वय त्यांच्या अटींत बसत नव्हतं. कुणीतरी तिला माझा नंबर दिला. सुरुवातीला ती फार फोन करायची. मॅडम, बाई काहीच बोलत नसेल तर काय करायचं? मॅडम, नवरा चिडून आला तर? मी सांगायची, काही करू नको, चहा दे, शेजारी बस. मग हळूहळू तिचे फोन कमी झाले. ती शिकली, असं मी धरलं आणि फोनकडे बघायचं सोडलं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी पगार उशिरा व्हायचा का?"

"का गं?"

"नाही, सहजच. गाडीवाला येत नाहीये चार दिवस झाले. आणि ताई पण म्हणत होत्या, दुसरीकडे काम बघते."

"ताई कोण?"

"आमच्याकडे साफसफाईला असतात त्या. दुपारी आम्ही दोघीच असतो ना." ती थांबली. तिच्या मागे पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. रविवारी दुपारी ती त्या खोल्यांमध्ये एकटी बसली होती.

प्रस्ताव वर गेला असेल, असं म्हणवेना. सगळं ठीक होईल, असंही म्हणवेना.

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

"डबा आणलाय. अजून नाही."

"मग थांब," मी म्हटलं. "मी पण डबा भरते आणि येते. तासभर लागेल बेसाहून."

"कशाला मॅडम, एवढ्या उन्हात?"

"अशीच," मी म्हटलं. "बसायला."